कोकंदी कागदाची टोपी

४ मार्च
ठरलं! ताश्कंदचे अब्रोरोव साहेब मंगळवारी आमच्या चुस्त गावी येणार. दप्तरखान्यातल्या टोपी-व्यापाऱ्यांच्या जुन्या हिशेबवह्या तपासणार. सगळ्या पूर्ण निघाल्या तर इथेच राहतील. एकीचीही पानं कमी भरली, तर झाडून सगळ्या ताश्कंदला! आमचे प्रमुख सकाळपासून नुसतं पाणी पीत आहेत. मी म्हटलं, "येऊ देत की! मी कशाला आहे?"

५ मार्च
आजही बायका आल्या, पणजीची खूण बघायला. टोप्या शिवणाऱ्यांना लिहिता येत नसे. कापड नेताना सहीच्या जागी प्रत्येक बाई आपापली मिरची काढायची, टोपीवर भरायची तशीच. कुणाची ठेंगणी, कुणाची शेपटी वळलेली. एक म्हणाली, "बघ, अगदी माझ्या नाकासारखी!" वह्या ताश्कंदला गेल्या तर या काय डोंगर ओलांडून तिकडे जाणार?
एका वहीची सुटी पानं शिवायला काढून टेबलाखाली ठेवली. सासूबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा म्हटलं, खालची रद्दी न्या. टोपीच्या शिवणीत कागदाच्या वाती भरतात, त्यांना लागतेच.

८ मार्च
महिला दिन. फुलं, केक, भाषणं — आणि भांडी मीच घासली!

१० मार्च
साहेब आले. माणूस बरा. पुलाव दोनदा घेतला. सासूबाईंनी स्वतः शिवलेली टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. "बाळा, आत जुना कागद आहे हो. मऊ, चिवट. सुनेनं दिलाय."
जुना? मी तर वर्तमानपत्रं दिली होती!
दप्तरखान्यात पळाले. वर्तमानपत्रांचा गठ्ठा टेबलाखाली तसाच. सुटी पानं गायब! त्या वहीचा जुना कोकंदी हातकागद — साहेबांच्या डोक्यावर!
संध्याकाळी साहेबांनी टोपी सारखी करत वही मिटली. "पानं कमी आहेत, ताई. सोमवारी अहवाल देतो." पाहुण्याला दिलेली टोपी परत कुणी मागतं का?

११ मार्च
सासूबाईंना सांगितलं. भांडायचं ठरवलं होतं, रडूच आलं.
"माझ्या आजीची मिरची होती त्यात?"
"होती."
मग म्हणाल्या, "दिलेली टोपी मागितली तर चुस्तचं नाक कापलं जाईल."
"मग वह्या जाऊ देत?"
"कणीक मळ, मुहय्यो."
हे काय उत्तर झालं! रागानं सगळं घर झाडलं. सासऱ्यांच्या टोपीला तेवढा हात लावला नाही. ते गेल्यापासून ती खुंटीवर आहे, तिची धूळ सासूबाईच झटकतात. इतर कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेतात.

१२ मार्च
सासूबाई घरात नाहीत! शेजारीण म्हणते, पहाटे ताश्कंदच्या टॅक्सीत बसल्या. ज्या शेजारच्या नमनगानच्या पुढे कधी गेल्या नाहीत, त्या! फोन उशीखाली.

१३ मार्च
आल्या. टोपी माझ्या मांडीवर टाकली. "उसव. हळू हं." पानांच्या पट्ट्या झाल्यात, पण सगळ्या जुळतात. आजीची मिरचीही मिळाली. साहेबांचा फोन आला — अहवाल बदलतो म्हणाले. वह्या इथेच राहणार!
विचारलं, "आणि पाहुण्याला बोडका ठेवून आलात?"
"वेडी का गं तू?" म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.
खुंटी रिकामी आहे.