आमची भाऊबीज रविवारी

५ ऑक्टो., रवि.
अकरा जण जेवले. नंतर भांडी मी, ओटा आई, आणि आमच्या धाकट्या रियाबाई नेहमीप्रमाणे टॅबवर. दर रविवारचं हे असंच. बाबांच्या एसी कंपनीतले सहा आणि पोर्टवरचे पाच, सगळे चिपळूण-दापोली-गुहागरकडचे. आई म्हणते, आठवड्यातून एकदा तरी पोरांना घरचं जेवू दे. अमिरातीतल्या या खोर फक्कानमध्ये मराठी घरं ती किती, त्यात एवढ्यांचं रांधायची हौस फक्त आमच्याकडे.

पोर्टवरच्या संकेतनं आपलं ताट सिंकपर्यंत आणून ठेवलं आणि विचारलं, "तुला आवडतं का गं इथं?"

दोन वर्षं झाली मला इथं येऊन. दहावीपर्यंत काकांकडे गुहागरला होते, तेव्हा बाबा फोनवर अभ्यासाचं विचारायचे. इथं सगळे गरम होतंय का ते विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "भात वाढू का अजून?" जेवण झालेल्या माणसाला. मूर्ख.

८ ऑक्टो.
आई कॅलेंडर घेऊन बसली होती. "भाऊबीज गुरुवारी आलीय. म्हणजे आपली रविवारी, सव्वीसला." आमच्याकडे भाऊबीज तिथीवर नसते, पोरांच्या सुट्टीवर असते.

गेल्या दोन्ही वर्षी मीच सगळ्यांना ओवाळलं. शिगवणकाका पन्नाशी उलटलेले, त्यांनासुद्धा. मजा आली होती. सं. तेव्हा नव्हता, तो फेब्रुवारीत आला.

म्हणजे यंदा त्यालाही.

समोरची कोथिंबीर मी मुळांसकट चिरली. आईनं काही विचारायच्या आत कांदे घेतले, डोळ्यांची सोय झाली.

१० ऑक्टो.
रियाला घेऊन समुद्रकाठी, कॉर्निशवर. सं. ड्युटीवरून परस्पर आला होता, अंगात पोर्टवरचं पिवळं जॅकेट. तो पोर्टवर थंड कंटेनर बघतो. बाहेर आपण उकडून निघतो आणि याचं लक्ष आत उणे अठरा आहे की नाही याच्याकडे. त्याचं त्यालाच हसू येतं.

म्हणाला, "मी आल्या आल्या दोन महिने रोज संध्याकाळी त्या डोंगराकडे तोंड करून बसायचो. गावाकडे बघतोय असं समजून."

गावी असताना समुद्र पश्चिमेला, दुबई त्याच्यापलीकडे. मग इथं आल्यावर समुद्राकडे पाठ केली की गाव, असा त्याचा हिशोब. इथं समुद्र पूर्वेला आहे, म्हणजे गाव पाण्याच्याच बाजूला, हे डोक्यातच आलं नाही. मग एकदा पहाटेच्या ड्युटीला सूर्य पाण्यातून वर येताना पाहिला आणि म्हणे चक्करच आली.

मी म्हटलं, मी पण. मी तर सहा महिने.

रिया म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड. जस्ट यूज मॅप्स."

घरी येईपर्यंत हसत होते. नंतर एकदम रडू यायला लागलं, कशाचं ते माहीत नाही. भूक लागली असेल म्हणून दोन खजूर खाल्ले. फरक पडला नाही.

१४ ऑक्टो.
आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सगळ्यांना ओवाळायलाच हवं का? नुसतं जेवायला बोलावलं तर?"

आई चकल्या पाडत होती, थांबली नाही. "घरात दोन मुली. बाहेरची अकरा माणसं येऊन जेवून जातात. ओवाळलं की ती भाऊ झाली, कुणाला तोंड उघडायला जागा नाही. म्हणून तर दार उघडं ठेवता येतं."

मला वाटायचं त्यांना इथं बहिणी नाहीत म्हणून करतो. आई म्हणाली, ते पण आहेच की.

मग वर, "संकेतला दादा म्हणत जा. परवा नुसतंच 'अहो ते मीठ' म्हणालीस." 

मी त्याला काहीच म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली की खोकते.

१९ ऑक्टो., रवि.
जेवणं झाल्यावर सगळे चपला घालत होते. सं. लिफ्टपाशी एकटा होता. मी कचऱ्याची पिशवी घेऊन गेले आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी येऊ नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "का? मी काय केलं?"

"काही नाही."

"काकी काही बोलल्या का?"

"नाही."

"मग?"

मग लिफ्ट आली. शिगवणकाका आले, "यल्ला, चला रे." तो गेला. तोंड असं झालं होतं की… दिवाळीचं आमंत्रण असलेल्या माणसाला मी नको म्हटलं. त्याला समजावून सांगायचं तर आधी मला समजायला हवं. कचऱ्याची पिशवी परत घरात घेऊन आले.

२३ ऑक्टो.
खरी भाऊबीज. गुहागरच्या काकांच्या विनूला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. फोनच्या काचेला कुंकू लागलं. विनू म्हणतो, "तायडे, बारीक झालीस." आई मागून, "खात कुठे काय." मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. काय सांगितलं असतं पण?

विनूला ओवाळताना काही वाटत नाही. शिगवणकाकांना, बाकीच्यांना, काहीच नाही. एकाच माणसापाशी येऊन अडतंय. याला जे म्हणतात तेच हे आहे का? शाळेतल्या मैत्रिणी सांगायच्या तसं काही होत नाहीये. त्या खूश असायच्या.

२६ ऑक्टो., रवि.
तो आला.

नवा शर्ट घालून, केस पाणी लावून बसवलेले, हातात मिठाईचा डबा. माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाला, "काकी, उशीर नाही ना झाला?" म्हणजे मी चुकून बोलले असं धरलं त्यानं. की मुद्दाम आला? की दिवाळीला त्याच्या खोलीत एकटं बसवेना म्हणून आला? तेही बरोबरच आहे.

एकच पाट आहे, त्यामुळे एकेक जण. शिगवणकाका पहिले. कुंकू, अक्षता, सुपारी, ओवाळणं, बेसनाचा लाडू. दहा जण झाले. निरांजनात तूप घातलं. तो पाटावर येऊन बसला, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल धरला. आणि वर बघितलं.

मी तबक रियाच्या हातात दिलं. "तू ओवाळ."

"व्हाय मी? यू ऑल्वेज डू इट."

"तू ओवाळ."

रियानं कुंकू नाकापर्यंत ओढलं, तबक उलट्या बाजूनं फिरवलं. त्यानं तिला ओवाळणी घातली, लाडू घेतला, उठला. शिगवणकाका मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, श्रीखंडाचा वास सुटलाय," आणि सगळे पानावर बसले.

मी ठरवलं नव्हतं. शपथ. हात आपोआप गेले. मीच ओवाळून टाकलं असतं तर चाललं असतं, कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी तर सगळ्यांसमोर सांगूनच टाकलं. काय सांगितलं, ते मलाच नीट माहीत नाही. त्याची बहीण व्हायचं नाही एवढं कळलं. दुसरं काय व्हायचंय, ते नाही कळलं. काही व्हायलाच हवं का?

जाताना तो म्हणाला, "येतो." सगळे तसंच म्हणतात.

२९ ऑक्टो.
आई बोलत नाहीये. म्हणजे बोलते, "मीठ दे," "गॅस बंद कर." चिडलीय म्हणावं तर काल केसांना तेल लावून दिलं, न सांगता.

बाबा आईला म्हणाले, मी ऐकत होते हे माहीत असून, "आता बंद करू रविवारचं. खलास. पोरगी मोठी झाली."

इतकी वर्षं मोठी हो, मोठी हो. झाले तर अकरा माणसांचं जेवण बंद. शिगवणकाकांना डायबेटिस, ते हॉटेलचं खाऊन… याचं पाप माझ्या माथी. राग आला. बाबांचा, सं.चा, आणि त्या पाटाचा सुद्धा.

सं.चा नंबर रविवारच्या जेवणाच्या ग्रुपवर आहे. मी काही पाठवलं नाही. त्यानंही नाही.

२ नोव्हें., रवि.
सकाळी आईनं परात काढली, पीठ घेतलं आणि थांबली. 

"किती भिजवू? चौघांची की सगळ्यांची?"

मी म्हटलं, बाबांना विचार.

"बाबांना विचारलं. ते म्हणाले, तू बघ. मी तुला विचारतेय." वर आणखी, "सगळ्यांची भिजवली तर तोही येणार. मग दाराआड तोंड लपवून बसायचं नाही. काय आहे ते मला सांगायचं. आणि काही नसेल तर तेही सांगायचं."

मी म्हटलं, "काय आहे ते मला कळत नसेल तर?"

आईनं पिठात मीठ टाकलं. मग म्हणाली, "तसं सांग."

दोन मिनिटांत येते म्हणून खोलीत आले, हे लिहीत बसले. बाबांचा फोन ओट्यावर आहे, जेवण आहे की नाही ते ग्रुपवर दहाच्या आत कळवावं लागतं. माणसं वाट बघत असतील.

आई दुसऱ्यांदा हाक मारतेय. पिठात पाणी घालायचं राहिलंय.

जाते.