हुसेनबी भ्रतार बादशहा, हाजिर है?

मंगळवार, ८ जानेवारी १९०७

पट्टा मिळाला! कोर्टात पुकाऱ्याचा शिपाई झालो. महिनाभर कच्चा, पसंत पडलो तर कायम. काम एवढंच — दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. आजचं पहिलं नाव गुंडू बिन पिराजी. नुसतं ओरडणार होतो, पण 'गुंडू'तला ऊ आपोआप लांबला, 'बिन' टिचकीसारखं वाजलं आणि 'पिराजी'वर आवाज अलगद खाली उतरला. अंगणातले लोक बोलायचे थांबले. गुंडू गुऱ्हाळावरून आलेला दांडगा गडी — लाजत लाजत आत आला. "माझंच न्हवं?" म्हणाला.

गुरुवार, १० जानेवारी

घरी थोरल्या बहिणीवर तालीम. "आऽक्का, भाकरी वाऽढ!" असं लावून म्हटलं. "गिळ मुकाट्यानं! पगार कोर्ट देतंय तुला, मी न्हाई." पण नंतर चुलीपाशी एकटीच 'आऽक्का' म्हणून बघत होती. मी ऐकलं!

शुक्रवार, १८ जानेवारी

कसबा बावड्याच्या दोन म्हाताऱ्या जावांचा दावा. परसातला पेरू कुणाचा, यावरून! वादीचं नाव हुसेनबी भ्रतार बादशहा, म्हणजे बादशहाची बायको. काय नाव आहे! 'हुसेनबी' मऊ, 'भ्रतार' म्हणजे दारावर थाप, आणि 'बादशहा'तला शेवटचा 'हा' सोडवतच नाही. प्रतिवादी लालबी भ्रतार निसार — तिच्या नावात दोन ल, जिभेवर गूळ ठेवल्यासारखे. दोघी अंगणाच्या दोन टोकांकडून पदर सावरत आल्या. एकमेकींकडे बघायलाही तयार नाहीत. जाताना हुसेनबी म्हणाली, "एवढं समदं नाव माजं कुनी घेतलंच न्हवतं रं बाबा. 'ए' न्हाईतर 'अगं'!" दिवसभर छाती फुगलेली.

शनिवार, १९ जानेवारी

उतरली सगळी. मुन्सफसाहेबांनी बोलावून सांगितलं, "हे न्यायालय आहे, तमाशाचा फड नव्हे. सरळ पुकार, नाहीतर पट्टा खाली ठेव." या साहेबांना हसताना कुणी पाहिलेलं नाही.

सोमवार, २१ जानेवारी

सरळ पुकारतो. तोंडात भुसा.

मंगळवार, २९ जानेवारी

आज पुन्हा त्या जावांची तारीख. हुसेनबीला सरळ पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी आलं नाही. वादीच गैरहजर, म्हणून साहेबांनी दावा काढून टाकायला टाक उचलला. आणि मला दारातून दिसतेय — हुसेनबी चिंचेखाली बसून माझ्याकडेच बघतेय! तिचा पेरू जाऊ द्यायचा, की माझा पट्टा? मग म्हटलं, जाऊ दे! चौथ्यांदा पुकारलं, सगळा जीव ओतून. 'बादशहा'चा 'हा' पार रस्त्यापर्यंत.

उठली! मागोमाग लालबीही उठली. दोघी हातात हात घालून आत आल्या.

साहेब कडाडले, "आधीचे तीन पुकारे ऐकले नाहीत?"

"ऐकलं की, सायेब," हुसेनबी म्हणाली. "पर ते नाव आमचं वाटंना."

"आणि हा हातात हात?"

"मागल्या तारखेलाच मिटलंय," लालबी म्हणाली. "वाटंनं येकमेकीला ह्याच्यासारक्याच हाका मारत गेलो. हसून हसून भांडान ऱ्हायलंच न्हाई."

"मग आज कशाला आलात?"

लालबीनं हुसेनबीला कोपरानं ढोसलं. हुसेनबी म्हणाली, "नाव ऐकाया."

सगळं कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. दावा मिटल्याचं लिहिलं आणि मला म्हणाले, "उद्या कामकाज उठल्यावर माझ्या खोलीत ये."

आक्काला सांगितलं. "जाऊ दे की पट्टा! दोन बायकांचं भांडान मिटीवलंस न्हवं?" असं म्हणाली खरी, पण भाकरी दोघांनाही गेली नाही.

बुधवार, ३० जानेवारी

पट्टा काढून हातात घेऊनच गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं. बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाले, "माझं नाव घे. तसं."

मी पट्टा टेबलावर ठेवला.

"आई होती तोवर घरात कुणीतरी घेत होतं," म्हणाले.

तीनदा घेतलं. इथं लिहीत नाही.

"पट्टा घाल," साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.