लिटरमागे किती

सोमवार, २ जून
लाँड्रीच्या आवारात मालकीणबाईंनी पांढरा बोर्ड लावला. आमच्या चारही व्हॅन डिझेलच्या. कोणती गाडी लिटरमागे किती जाते, ते दर सोमवारी कारकून लिहिणार. २१ तारखेपर्यंत ज्याचं अ‍ॅव्हरेज सर्वांत चांगलं, त्याला हॉस्पिटलची फेरी. दीड किलोमीटर अंतर. चारला माणूस घरी.
माझं सध्या ११.४. बावीस वर्षं गाडी चालवतोय, त्यामुळे निकाल लागल्यातच जमा आहे. फेरीचा मोह नाही. पाठ दुखते हे खरं, पण ते कुणाला माहीत नाही.
संकल्प: पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. सिग्नलला इंजिन बंद. उतारावरही बंद.

मंगळवार, ३ जून
पुलाच्या उतारावर इंजिन बंद केलं. काय शांतता. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेकही जड. तेवढाच व्यायाम. गाडी न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीपाशी थांबली. आतलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आलं. न्हावी बरंच काही बोलला. डिझेल वाचवणाऱ्याला लोक बोलतातच.

गुरुवार, ५ जून
पंचेचाळीसचा नियम पाळला. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. एक सायकलवाला पुढे गेला, मग हळू होऊन त्याने काही मदत हवी का असं विचारलं.
अकराच्या चादरी हॉटेलात एकला पोचल्या. मॅनेजर म्हणाला, पाहुणे बॅगा घेऊन खाली बसलेत. त्याला डिझेलचं ज्वलन समजावून सांगितलं. तो म्हणाला, त्याला चादरी हव्यात.

सोमवार, ९ जून
१०.१. कारकुनाला पुन्हा हिशेब करायला लावला. पुन्हा १०.१. त्याचं गणित कच्चं असावं.
अक्काचं १३.२. अक्का म्हणजे आमच्यातली एकुलती एक बाई ड्रायव्हर, वयाने माझ्याहून लहान, पण सगळे अक्काच म्हणतात. तिला गुपित विचारलं. म्हणाली, सोमवारी टायरमध्ये हवा भरते आणि बाकी विचार करत नाही. लपवतेय.

बुधवार, ११ जून
आज उलगडा झाला. वजन. गाडी उगाच ओझी वाहते. स्टेपनी, जॅक, पाने, शेजारची सीट, सगळं काढून घरी पलंगाखाली ठेवलं. मग चादरींचंही वजन डोळ्यांत आलं. अर्ध्या चादरी ठेवून निघालो, परत येऊन उरलेल्या नेल्या. दोन्ही फेऱ्यांत गाडी पिसासारखी.

गुरुवार, १२ जून
पंक्चर. बायकोला फोन केला. ती शिवणाच्या दुकानात कामाला असते. सुट्टी टाकून घरी गेली, टेम्पो करून स्टेपनी, जॅक न् पाने घेऊन आली. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड जातं.
नट सोडवायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मी चाकाचं निरीक्षण करतोय असं सांगितलं. तिने माझ्या हातातला पाना घेतला आणि चाक स्वतः बदललं. मी सूचना देत होतो. एक-दोन तिने ऐकल्या असाव्यात.

सोमवार, १६ जून
८.७. हवामान.

मंगळवार, १७ जून
सकाळपासून अकरा सिग्नलांना इंजिन बंद-चालू केलं. बाराव्याला चालू झालंच नाही. ट्रॅफिक पोलीस आणि दोन विद्यार्थ्यांनी ढकलत गॅरेजपर्यंत आणलं. त्या अंतराचं डिझेल शून्य, हे बोर्डावर धरलं जात नाही.
मेकॅनिक म्हणाला, बॅटरी झोपली आणि स्टार्टर मरायला टेकलाय. मग खाली शिरला आणि म्हणाला, क्लच प्लेट पार गेलीय, हा ड्रायव्हर दिवसभर क्लचवर पाय ठेवून बसतो, इंजिन फिरतं न् गाडी जात नाही, डिझेल तिथे जळतंय. मी म्हणालो, हा ड्रायव्हर दुसरा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाला, त्या दुसऱ्याला सांगा पाय उचलायला.
पाय टेकवला की पाठीला जरा बरं वाटतं. हे त्याला कसं सांगणार. म्हणजे, त्या दुसऱ्याला.

शुक्रवार, २० जून
गाडी काल गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली. आज काही केलं नाही. नुसती गाडी चालवली. संकल्प आठवत होते, पण हातपाय ऐकत नव्हते. चादरी वेळेवर पोचल्या. मॅनेजरने दोनदा घड्याळाकडे बघितलं.

शनिवार, २१ जून
चौघांत चौथा. अक्का पहिली.
मालकीणबाईंनी आत बोलावलं. नोकरीवर पाणी सोडलं मनातल्या मनात. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलची फेरी सोमवारपासून तुमची. मी म्हणालो, बोर्ड उलटा वाचलात का. त्या म्हणाल्या, तुमची बायको काल येऊन गेली. सहा महिने तुम्ही सकाळी पलंगाचा कठडा धरून उठता, ते तिने सांगितलं. मी विषय बदलला. मेकॅनिकचंही नाव निघालं, तोही विषय बदलला.
मग कळलं, अक्काने फेरी आपणहून सोडली. आवारात तिला गाठून म्हणालो, मला उपकार नकोत. ती म्हणाली, उपकार कसले, चारला घरी जाऊन ती करणार काय, आणि लांबच्या रस्त्यावर तिला चार क्षण एकटीला मिळतात. तिच्या गाडीच्या टायरांना पाय लावून पाहिला. खरंच टणक होते.
घरी बायकोला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. जेवण शांततेत झालं, पण ती पंक्चरच्या दिवसासारखी शांतता नव्हती.

सोमवार, २३ जून, दुपारी ४.२०
हॉस्पिटलच्या फेरीला व्हॅन नाही. एवढ्याशा अंतराला डिझेल कशाला जाळायचं म्हणून मालकीणबाईंनी बॅटरीवरची तीनचाकी घेतलीय. क्लच नाही, गिअर नाही, धक्के नाहीत. डावा पाय दिवसभर रिकामा होता, त्याचं काय करावं कळेना.
बोर्डावर माझ्यापुढे कारकुनाने आडवी रेघ मारली. म्हणालो, शून्य लिटर म्हणजे पहिला नंबर. तो म्हणाला, तुम्ही आता स्पर्धेत नाही.
चारला घरी पोचलो. घरात कुणी नाही. बायको सातला सुटते, हे मी धरलंच नव्हतं. ओट्यावर चिठ्ठी आहे: जेवण झाकलंय, गरम करून घ्या, मग पडून राहा, आणि उगाच काही ठरवू नका.
पडलोय. सात वाजायला दोन तास चाळीस मिनिटं आहेत.