फळीवरचं मेण

अण्णा, दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय. हे पत्र कुठे पोचायचं नाही, त्याला कोरा कागद कशाला घालवायचा, असं तुम्हीच म्हणाला असतात. तुमची नात परवा लोंबोकला गेली. इंडोनेशियातलं बेट आहे, तिथे मोठ्या लाटा येतात, आणि लाटेवर फळी टाकून उभं कसं राहायचं ते ती लोकांना शिकवणार आहे. त्यासाठी बँकेतली चांगली नोकरी सोडली. हे गेल्यापासून सिंगापूरच्या बेडोकमधल्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच होतो. आता देव आणि मी.

इथल्या समुद्राला लाट अशी नाहीच. किनाऱ्यावर गेलं तर नांगर टाकून बसलेली जहाजं तेवढी दिसतात. म्हणून ही आणि तिची मित्रमंडळी शनिवारी पहाटे गाडीच्या टपावर फळ्या बांधून मलेशियाच्या किनाऱ्याला जायची. सगळी उन्हानं रापलेली, केस खाऱ्या पाण्यानं पिंगट झालेले. मी डब्यात दशम्या द्यायचे. "आँटी, यू ऑल्सो कम लाह," ती पोरं इथल्या ढंगात म्हणायची. मी हसून दार लावून घ्यायचे.

फळी माणसाहून उंच. खालच्या अंगाला तिनं स्वतः रंगवलेलं कासव, मी चैत्रांगणात काढते तसंच. वरच्या अंगाला मात्र कसला तरी चिकट, मळकट थर. गेल्या खंडेनवमीला मी सुरी, विळी, शिवणयंत्र पूजेला मांडलं आणि मनात आलं, हिचं हत्यार तर ही फळी. पण असल्या घाणीवर हळदकुंकू कसं वाहायचं? कढत पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन दुपारभर घासली, लख्ख केली. संध्याकाळी ती आली, फळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, ते मेण होतं. त्यानंच पाय टिकतो. आता पाय ठेवला की मी थेट पाण्यात." रागावली नाही. मेणाची नवी वडी आणून माझ्या हातात दिली. सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती गोल गोल फिरवायची. खोबऱ्यासारखा वास येतो. दोघी फरशीवर बसून चोळत होतो, तेव्हाच तिनं जायचं सांगितलं. आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं. "पोरीच्या जातीला समुद्राशी काय करायचंय?"

मी नऊ-दहा वर्षांची होते. गणपती पाण्यात गेला होता, आणि पाटावरून ओली वाळू घरी न्यायची म्हणून तुम्ही तो रिकामा पाट माझ्या हातात देऊन कुणाशी तरी बोलत उभे होतात. मी पाण्यात शिरते. पाटावर पोट टेकवते. मागून लाट येते, मला उचलते आणि अलगद वाळूवर आणून ठेवते. एवढंच, अण्णा. तुम्ही दंडाला धरून उभं केलंत. देव बसला त्या पाटावर लोळतेस, म्हणालात, आणि मग ते वाक्य. घरी आल्यावर देवापुढे नाक घासून माफी मागायला लावलीत. पुढे विसर्जनाला मला कधी नेलं नाहीत.

त्या वाक्यावर लेक नुसती मेण चोळत राहिली. परवा विमानतळावर वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते गं आई." त्यावर "ये" म्हणायचं असतं. मी तिची पिशवी नीट करत राहिले. ती आत गेली तरी माझ्या तोंडून तेवढं निघालं नाही.

काल तिचा निरोप आला, महिनाभर राहायला ये म्हणून. दोनदा वाचला, उत्तर दिलेलं नाही. सकाळी मेणाची ती उरलेली वडी उचलून ठेवली; पूजा करताना तिचा वास हाताला येत होता, आणि वाटलं, तिला फोन लावण्याआधी तुम्हाला सांगून टाकावं. त्या दिवशी मी माफी मागितलीच नव्हती, अण्णा. नुसते ओठ हलवले. देवाकडे मागितलं ते हे, की पुन्हा एकदा तशीच लाट येऊ दे.