सासूबाईंचं वेगळं ताट

कडाव, ता. कर्जत
१६ जानेवारी २०२५

चि. प्रबुद्ध यास सुनिताताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.,

फोनवर बोलत नाही, भागू कान लावून असते. तेरा वर्षांची पोर, पण आमचं कुजबुजणंही तिला कळतं. म्हणून तिच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलंय.

दर पौर्णिमेला वंदना झाली की मी तिला भातगिरणीच्या काट्यावर उभी करून वजन वहीत लिहिते. वर्षात अकरा किलो वाढलं रे. साखरेपायी आपल्या आबांचा पाय कापला, ते डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी मुंबईच्या एका कंपनीकडे तिच्या शौचाचा नमुना पाठवला. रिपोर्टात एका जंतूचं नाव लाल अक्षरात आहे, पुढे लिहिलंय, लठ्ठपणाशी संबंधित.

हा आला कुठून? आमच्या सासूबाई अंगाने भरलेल्या, आणि आजी-नात पहिल्यापासून एका ताटात जेवतात. सोमवारपासून मी सासूबाईंचं ताट, तांब्या वेगळा काढून पडवीत ठेवलाय. त्या तिथेच जेवतात. तू जंतूंच्याच प्रयोगशाळेत आहेस, याला मारायचं औषध कळव. घाबरट म्हणून हसशील, हस.

ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
सुनिता

खोपोली
२१ जानेवारी

ती. सुनिताताईस सादर जयभीम.

हसलो नाही. ते लाल नाव आधी मनातून पुस. आतड्यातले जंतू आपल्या गुणांचे तुकडे, म्हणजे जनुकं, शेजारच्या जंतूला देतात, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. कडावच्या बायका एकमेकींची पापडाची रीत उचलतात, मग पापड चाखून घर सांगता येतं का? तसंच. अन्नातून जास्त शक्ती ओढायची करामत आज एकाकडे, उद्या भलत्याकडे. एकाच नावाचे दोन जंतू वेगळं वागतात. नावावरून दोषी कसा ठरवणार? एका घरातल्यांचे जंतू एकमेकांत जातात हे खरं, पण भागूचं वजन त्यांनीच वाढवलं असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तिला चांगल्या डॉक्टरला दाखवू.

पण ताई, काल भागूचं पाकीट आलं. लिहिते, मामा, माझा जंतू आजीला लागला म्हणून आईने आजीला पडवीत बसवलंय. मी जेवले नाही तर तो मरेल ना? किती दिवसांत?

लगेच फोन लावला. तिनेच उचलला, म्हणाली आई दळणाला गेलीय, मी जेवले. मला पटलं नाही, म्हणून हे पत्र दूधवाल्या साईनाथच्या टेंपोतून थेट तुझ्या हातात पाठवतोय. तिचा डबा कुठे जातो ते आजच बघ.

रागावलीस तरी मला आपला म्हण.
प्रबुद्ध

कडाव
२२ जानेवारी

चि. प्रबुद्धास जयभीम.

तांदळाच्या कणगीमागे फडक्यात सुकलेल्या भाकऱ्या सापडल्या. नऊ. माझ्या नाकाखाली, आणि मी वजनाची वही बघत बसले.

सासूबाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, लहानपणी मला वरून वंजळीत पाणी ओतायच्या त्या बायांना माझी जात तरी ठाव व्हती गं, तुला तर जंतूचं नावबी धड वाचता येत नाय.

दुपारी तिघींना एकच परात घेतली. भागूने विचारलं, मामाने लिहिलंय का, तो मेला? रोज पंचशीलात खोटं बोलणार नाही म्हणणारी मी, पण भीतीने हो म्हणाले. तिने दोन घास खाल्ले आणि हात पुढे केला, म्हणाली, दाखव पत्र.

तुझ्या पत्रात मेल्याचं कुठेच नाही. उलट जंतू एकमेकांत जातात असंच आहे. तरी दिलं. आणखी एक खोटं माझ्याने बोलवेना.

आत्ता ती बोट ठेवून ओळ ओळ वाचतेय. सासूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्या शेजारी बसल्यात. साईनाथ खाली हॉर्न देतोय. तिने अजून मान वर केलेली नाही.

उद्या ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी माया घेऊन ये.
तुझी ताई