कॉफी गरम, पेज थंड

सिंदेवाही, जि. चांदा
ता. ९ फेब्रुवारी १९५७

चि. लटारू भाऊजीस,

कलाबाईचा आशीर्वाद. इथी सगळे खुशाल आहो. धान मळून घरात आलं. लाल गाय व्याली, कालवड झाली. लाखोरीच्या डाळीचं पीकही यंदा चांगलं आहे. सिरोंच्याले थंडी कशी आहे? लाकडाच्या डेपोतलं काम बरं चाललं ना?

खुशाल लिहिलं ते सवयीनं. खुशाल नाई.

दिवाळीले मी तुमचा कॉफीचा डबा उकिरड्यावर फेकला, तेव्हापासून तुमचं पत्र नाई. कसं येईल? दोन दिवस मोटारीत हाडं खिळखिळी करून माणूस भावाच्या घरी येतो, आणि भावजय चारचौघांत म्हणते, "भावाचा जीव घ्याले आले का?" तुमी भरल्या ताटावरून उठून गेले. तुमच्या दादानं मले एक शब्द म्हटला नाई. म्हटला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी चांद्याच्या डॉक्टरनं तुमच्या दादाचा रक्ताचा दाब वाढला म्हणून सांगितलं, तेव्हा मी बाजूलेच उभी होती. मीठ कमी करा, म्हणाले. लोणचं-पापड बंद. चहा-कॉफी बेतानं, एखादा कप चालेल. एवढं सगळं सांगितलं त्या माणसानं, आणि मी ध्यानात काय घेऊन घरी आली? एकटी कॉफी! म्हटलं, गरम चीज आहे, रक्त उकळणारच. तिच्यावर थंड उतारा म्हणजे पेज. कॉफीची तलफ आली का तांदळाची गंजभर पेज पुढं ठेवायची. आता अळणी पेज कोणाच्या गळ्याखाली उतरते? मग हात सैल सोडून मीठ, आणि संगं आंब्याच्या लोणच्याची फोड. ते बिचारे "पुरे ना वो" म्हणत, आणि मी म्हणे, "प्या मुकाट्यानं, तुमच्याच भल्याचं आहे."

संक्रांत झाली आणि ते न्हाणीत पडले. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. तुमाले तार करायची होती. माझी हिंमत झाली नाई.

रेल्वेनं चांद्याले नेलं. डॉक्टरनं विचारलं, "खायले काय देत होते?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कॉफीचा थेंब नाई दिला, पेजेवर ठेवलं.

"मीठ टाकून?"

"हो, मीठ टाकूनच."

डॉक्टरनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, कशानं झालं हे मी छातीठोक सांगत नाही. पण मिठाचं मी आधी सांगितलं होतं."

आधीच सांगितलं होतं, भाऊजी. मग मी कॉफीच काऊन धरून बसली?

इतके दिवस मनाले समजावत होती, का अडाणी बाई, समजलं नाई. खोटं आहे ते. मले तुमची दोघा भावांची बैठक खुपत होती. तुमी आले का ओसरीवर स्टोव्ह पेटे, कॉफी उकळे, तुमी तिकडच्या तेलुगू लोकांच्या गमती सांगत, आणि ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत. माझ्यासंग इतक्या वर्षांत कधी असे हसले नाई. मी आतमध्ये भांडी आपटत राहे. डॉक्टरनं कॉफीचं नाव काढलं आणि मले आयती काठी सापडली. मारली ती तुमाले, लागली त्याइले.

आता डाव्या हातानं चार घास खातात. अळणी खातात, कुरकुर नाई.

वाचा पार गेली होती. आता परत आली, पण एका शब्दापुरती. तो शब्द म्हणजे 'लटारू'. पाणी पाहिजे, लटारू. कूस बदलायची आहे, लटारू. मी समोर जाऊन बसली तरी माझ्या तोंडाकडे पाहून लटारूच. डॉक्टर म्हणतात, असं होते, डोक्यात एखादाच शब्द शाबूत राह्यते. मले आधी "अवो" म्हणून हाक मारत, तेही गेलं.

मले माफ करू नका. वाटलं तर माझ्या हातचं पाणीही पिऊ नका. पण या. त्याइनं हाक मारली का मी "ओ" म्हणते, आणि ते माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहतात. तुमच्या नावानं मी किती दिवस ओ देऊ, भाऊजी?

तुमची वहिनी म्हणवून घ्यायले लाजणारी,
कलाबाई