तीन रेघांची कटावणी

मी, खाली सही करणारा दुकानदार, वय बाहत्तर, धंदा चाकू आणि कटावण्या विकणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात अजून कापत नाही आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. वकीलबाईंनी एवढेच बजावले, "काका, खाडाखोड करू नका. आणि ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. वाटेकऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली की त्याचा वाटा गेला." दोन्ही गोष्टी नीट समजल्या आहेत. रोज दुपारी दुकान बंद असते तेव्हा थोडे थोडे लिहीन.

कलम एक. राहत्या घराचा वरचा मजला माझ्या एकुलत्या एक लेकीला. खालचा मजला माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला. धाकटा एकोणीस वर्षांपूर्वी गेला, कसा ते पुढे येईलच. भावजय तेव्हापासून खालीच राहते, दोन्ही वेळचे ताट वर आणून देते आणि डॉक्टरांचे नाव सांगून मीठ कमी घालते. तिला त्या घरातून कोणी हलवू नये.

कलम दोन. दुकान मालासकट लेकीला. अट एकच, माल माझ्या पद्धतीने निवडावा. डोंगरात, जंगलात जाणारा माणूस श्रीमंत नसतो आणि त्याला दुसरी संधीही नसते, म्हणून वस्तू स्वस्त हवी आणि टिकाऊही हवी. चाकूचे पाते मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले असावे. मूठ पोकळ असून आत काड्यापेटी आणि होकायंत्र भरलेले असेल, तर तो चाकू खेळण्याच्या दुकानात पाठवावा. पाठीला करवतीचे दात असलेले पाते घेऊ नये. त्या दातांनी आजवर कोणी फांदी कापलेली मी पाहिली नाही. साधे पोलाद गंजते, पण नदीकाठच्या दगडावरही त्याला धार लागते. चकचकीत पोलाद गंजत नाही, पण एकदा बोथट झाले की रुसून बसते. गिऱ्हाईक चाकू हातात घेऊन चित्रपटातल्यासारखा फिरवू लागले, तर त्याला सर्वांत लहान चाकू दाखवावा. आणि प्रत्येकाला सांगावे की चाकू कापायला असतो, उचकटायला नाही. उचकटायला कटावणी घ्या.

कलम तीन. वरील शेवटचे वाक्य ज्यांच्या कधी डोक्यात शिरले नाही, त्या जावईबापूंना माझा बीचच्या लाकडाची मूठ असलेला चाकू. त्यांनी त्यानेच रंगाचा डबा उघडला होता. टोक मोडलेलेच आहे, तसेच द्यावे.

कलम चार. मागच्या खोलीतला लोखंडी शेगडा. ज्याच्या जबड्यात वस्तू घट्ट आवळून धरतात तो. हे दुकानाचे काळीज. कटावण्यांचा नवा माल आला की त्यातली एक मी या शेगड्यात आवळतो, दांड्यावर लांब नळी चढवतो आणि सगळा भार टाकून वाकवतो. मोडली किंवा वाकडी राहिली तर सगळा माल परत. सरळ झाली तर माल पास. पण ती वाकवलेली कटावणी कधीच विकायची नाही. वरून कितीही सरळ दिसली तरी जबड्याच्या कडेशी पोलादात केसाएवढी चीर गेलेली असू शकते. म्हणून तिच्या मुठीकडे कानशीने तीन रेघा मारायच्या आणि भंगारात टाकायची. हा नियम मला ज्याने शिकवला, त्याला मात्र हा शेगडा देऊ नये. तो कोण, ते पुढच्या कलमात.

कलम पाच. लोहार. आम्ही एका बाकावर बसून शाळेत छड्या खाल्ल्या. पुढे तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून कटावण्या घडवू लागला आणि मी त्या विकू लागलो. कारखान्याच्या मालापेक्षा निम्म्यात आणि दुप्पट टिकणाऱ्या. माझा धाकटा डोंगरवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. वाटेवर आलेला एक दगड तो कटावणीवर उचलून धरत होता, कटावणी मधोमध मोडली आणि दगड खाली आला. कटावणी लोहाराची होती. त्याने पोलादाला पाणी नीट दिले नाही, तापलेले लोखंड घाईत विझवले, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. वर्षभरात त्याची भट्टी बंद पडली. मोडलेले तुकडे बघायला तो दोनदा माझ्या दारात आला होता. "मोडलेली कड दाखव मला, बघून सांगतो काय झालं ते," म्हणाला. मी दार लावून घेतले. याला काही देऊ नये आणि माझ्या शेवटच्या वाटेवर याला येऊ देऊ नये.

कलम सहा. इथवर बुधवारी लिहिले. आज गुरुवार. काल जेवणानंतर, ते दोन तुकडे कोणाला द्यावेत हे ठरवायला, पेटीतून बाहेर काढले. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याकडे धड पाहिले नव्हते. मुठीवरची दोरी मीच गुंडाळलेली, गाठही माझीच. ती कुजली होती. ओढली तर सुटून आली.

खाली कानशीच्या तीन रेघा होत्या.

रेघांवर बोट फिरवून पाहिले, पुन्हा पाहिले, खिडकीशी नेऊन पाहिले. तीनच. माझ्याच हाताच्या, किंचित डावीकडे कललेल्या. मग जिथे मोडली होती ती जागा पाहिली. तिच्या कडेलाच, कटावणीच्या दोन्ही अंगांवर, शेगड्याच्या जबड्याचे दात उमटलेले होते.

मला आठवत नव्हते, असे लिहायला हात धजत नाही. रेघा दिसल्या आणि आठवले, इतकेच खरे. धाकटा दारात उभा होता, एक बूट पायात आणि एक हातात. "दादा, एक कटावणी दे लवकर, गाडी सुटेल." मांडणी रिकामी, सगळा माल विकला गेलेला. भंगाराच्या डब्यात ही होती. मी तिला उचलले आणि माझ्या मनात जे आले, ते आज जसेच्या तसे लिहितो: हिची परीक्षा मी स्वतः घेतली आहे, हिच्याएवढी भरवशाची दुसरी नाही. दोरी गुंडाळली, कारण त्याच्या हाताला घाम यायचा. रेघा त्या दोरीखाली गेल्या.

नियम दुसऱ्यांसाठी पाळला आणि सख्ख्या भावासाठी मोडला, तोही प्रेमाने. हे मला अजून पचत नाही.

कलम सात. शनिवार. वकीलबाई म्हणाल्या, "पाचवं कलम काढून कोरा कागद घ्या, नव्याने लिहा." मी नाही म्हणालो. एकोणीस वर्षे जे तोंडाने बोललो ते इथे माझ्या अक्षरात राहू दे. त्याखाली मी लिहितो की कलम पाच खोटे आहे आणि ते मी रद्द करतो. शेगडा, मागची खोली आणि दुकानाचा अर्धा हिस्सा लोहाराला. दुकानात दर्शनी भागी पाटी लावावी: "आमच्या कटावण्या लोहाराच्या हातच्या होत्या आणि त्यातली एकही त्याच्या चुकीने मोडली नाही." तो घेणार नसेल, तर हे सगळे लेकीकडे जावे, पाटी मात्र लावावीच.

भावजयीला काल सांगितले. ती भाजी निवडत होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात चालू होते. मी थांबलो तेव्हा तिने विचारले, "तुम्हीच दोरी गुंडाळली होती ना? ते जाताना मला म्हणाले होते, दादाने मूठ छान करून दिलीय." आजपासून ताट वर येत नाही, जिन्याच्या पायरीवर ठेवलेले असते. कलम एक कायम आहे.

मग लोहाराकडे गेलो. आता तो एका कारखान्याची फाटके दुरुस्त करतो. तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा पुसला, मोडलेली कड उजेडात धरली.

"हा काळा डाग बघ, नखाएवढा. ही चीर आधीची आहे. बाकीचं त्या दिवशी एकदम गेलं." मग त्याने मूठ फिरवली. रेघा पाहिल्या. "रेघा तुझ्याच."

"हो."

"मी दोनदा आलो होतो रे."

"हो."

"माझ्या पोराच्या लग्नात लोक विचारायचे, तो कटावणीवाला लोहार तूच का. आणि मलाही कधी कधी वाटायचं, खरंच चुकलो असेन का? उठून भट्टीपाशी जाऊन बसायचो. विझलेल्या भट्टीपाशी."

सोमवारी सही आहे, ये, एवढे सांगून निघालो.

कलम आठ. आज सोमवार. वकीलबाई आल्या आहेत, समोरचा घड्याळजी साक्षीला आला आहे, दुसरा साक्षीदार यायचा आहे. लोहार दारात उभा आहे. हा कागद पहिल्या ओळीपासून वकीलबाईंनी मोठ्याने वाचला. पाचव्या कलमाला त्याने डोळे मिटले. सातवे संपल्यावर म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सही केलीत तर तुमचा वाटा जाईल. मग शेगडा नाही, खोली नाही, काहीच नाही."

"ऐकलं ते. मला याचं काही नको. एकोणीस वर्षं माझ्या बाजूने एक माणूस साक्ष द्यायला नव्हता. आता मीच देतो."

मी त्याला म्हटले, "निदान शेगडा तरी ने."

"तुझ्या लेकीला शिकव तो कसा वापरायचा," तो म्हणाला. "नीट शिकव या वेळेला. पेन कुठे आहे?"

वरील सर्व मी वाचून, ऐकून, कबूल करून सही करतो. कोणी दया दाखवावी म्हणून लिहिलेले नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, शेगड्याशेजारी.
तारीख अकरा, वार सोमवार, दुपार.

(सही) दुकानदार

साक्षीदार पहिला: (सही) घड्याळजी, समोरचे दुकान

साक्षीदार दुसरा: (सही) लोहार
सहीखाली त्याच्या हस्ताक्षरात: माझं पोलाद चांगलं होतं.